आठ गिअरांची नवी राम ३५०० डिझेल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्याहून दादाचा फोन आला की गाडीविषयीचा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ॲव्हरेज किती देते?’ गंमत अशी की, ज्या वर्गातल्या पिकअपविषयी मी लिहीत आहे, त्या वर्गाला हा आकडा जाहीर करण्याचे अमेरिकेत बंधनच नाही. साध्या मोटारीच्या काचेवर सरकारी चाचणीतून निघालेले मैल प्रति गॅलन छापलेले असतात; परंतु मालासकट एकूण वजनाची मर्यादा ८,५०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ३,८५५ किलोंच्या पुढे गेली की ती चौकट स्टिकरवरून गायब होते. त्यामुळे गाडी शोरूममधून बाहेर काढली त्या दिवसापासून मी डिझेल भरल्याची वही ठेवली आहे. सपाट महामार्गावर रिकाम्या गाडीला गॅलनमागे १७ मैल, म्हणजे लिटरला सव्वासात किलोमीटर मिळतात. मागे भरलेला ट्रेलर असला की आकडा दहावर येतो, म्हणजे लिटरला सव्वाचार. हे ऐकून दादा काही क्षण गप्प राहतो आणि मग हवापाण्याची चौकशी करतो.

डेन्व्हरच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी माझा मातीकामाचा छोटा व्यवसाय आहे. घरांचे पाये खणणे, चर काढणे, डोंगरउतारावरच्या जागा सारख्या करणे अशी कामे असतात. त्यासाठी ८,५०० पौंडांचे एक छोटे पोकलेन आहे आणि ते वाहून न्यायला गूसनेक ट्रेलर आहे. या ट्रेलरची मान गाडीच्या मागच्या बंपरला अडकत नाही. ती हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास वर बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकते, आणि म्हणून ट्रेलरच्या वजनाचा मोठा हिस्सा थेट गाडीच्या पाठीवर येतो. रिकामा ट्रेलर सहा हजार पौंडांचा. सगळे मिळून साडेचौदा हजार पौंड, म्हणजे साडेसहा टनांहून थोडे अधिक ओझे मला आठवड्यातून दोनदा तरी घाट ओलांडून न्यावे लागते. जुनी गाडी थकल्यावर मी फोर्ड, जनरल मोटर्स आणि राम या तिन्ही कंपन्यांच्या डिझेल गाड्या चालवून पाहिल्या आणि शेवटी २०२५ च्या मॉडेलची राम ३५०० घेतली: चार दारांची, लांब हौद्याची, मागे डबल टायर असलेली, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सहाचाकी.

इथे मॉडेलचे वर्ष आणि उत्पादनाचे वर्ष या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे भारतातल्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. पुढच्या वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षीच बाजारात येऊ शकते. बऱ्याच वर्षी बदल म्हणजे एखादा नवा रंग आणि वाढलेली किंमत एवढाच असतो. तीन कंपन्यांचे खरे बदल मात्र योगायोगाने लागोपाठ आले. फोर्डने २०२३ च्या मॉडेलला सुपर ड्यूटी ही आपली जड कामाची पिकअप नव्याने आखली आणि ६.७ लिटरच्या व्ही-८ डिझेलची ५०० अश्वशक्ती आणि १,२०० पौंड-फूट टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची, वाढीव आवृत्ती दिली. जनरल मोटर्सने २०२४ ला शेवरले आणि जीएमसी या दोन्ही नावांच्या गाड्यांतले ६.६ लिटरचे ड्युरामॅक्स डिझेल इंजिन ४४५ वरून ४७० अश्वशक्तीवर आणि ९१० वरून ९७५ पौंड-फुटांवर नेले. २०२५ ला रामची पाळी आली आणि कमिन्स या इंजिन कंपनीचे ६.७ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन ४३० अश्वशक्ती आणि १,०७५ पौंड-फूट, म्हणजे सुमारे १,४५८ न्यूटन-मीटर, या आकड्यांसह आले.

आकडे शेजारी ठेवले तर अश्वशक्तीत राम सरळसरळ तिसरी येते. आधीच्या वरच्या आवृत्तीपेक्षा तिची अश्वशक्ती अवघी दहाने वाढली आहे आणि टॉर्क तर तेवढाच आहे. इतकेच नव्हे, जाहिरातीतला ओढण्याचा कमाल आकडा ३७,१०० पौंडांवरून ३६,६१० वर उतरला. जनरल मोटर्सचा ३६,००० आहे, तर फोर्डच्या एफ-४५० चा ४०,०००. तेव्हा फक्त तक्ता पाहणाऱ्याने रामने २०२५ ला काय केले, असे विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. उत्तर इंजिनात थोडे आहे आणि गिअरबॉक्समध्ये पुष्कळ आहे.

आधीच्या पिढीत एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्या होत्या. रामच्याच एक पायरी हलक्या २५०० मध्ये ३७० अश्वशक्ती आणि ८५० पौंड-फुटांची साधी आवृत्ती मिळे. ४२० आणि १,०७५ ची तगडी आवृत्ती फक्त ३५०० मध्ये, आणि तीही आयसिन कंपनीच्या वेगळ्या गिअरबॉक्ससह. दोन्ही गिअरबॉक्स सहा गिअरांचेच होते. तोवर स्पर्धक दहा गिअरांवर गेलेले होते. २०२५ पासून या दोन्ही पेट्या निघाल्या आणि त्यांच्या जागी झेडएफ या जर्मन कंपनीच्या आराखड्याचा आठ गिअरांचा एकच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, त्यामुळे तगडे इंजिन आता २५०० घेणाऱ्यालाही मिळते. हाताने गिअर टाकण्याची सोय २०१८ च्या मॉडेलनंतरच संपली होती. या वर्गात ती ठेवणारी राम शेवटची होती, आणि मला स्वतःला तिची अजून आठवण येते, हे कबूल करतो.

गिअर वाढल्याने काय साधते, ते इंटरस्टेट ७० या महामार्गावरच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर कळते. सिल्व्हरथॉर्न गाव सुमारे ९,००० फुटांवर आहे. तिथून आठेक मैलांत रस्ता ११,१५८ फुटांवरच्या बोगद्याच्या तोंडाशी जातो आणि चढ शंभराला सातपर्यंतचा आहे. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास राहतो, म्हणून टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन तिथे आपली जवळपास तिसरा हिस्सा ताकद घालवून बसते. टर्बो हवा दाबून भरत असल्याने डिझेलचा दम एवढा तुटत नाही. माझ्या मित्राच्या आधीच्या पिढीतल्या ३५०० मधून मी हाच चढ याच ट्रेलरसह चढलो आहे. सहा गिअरांत दोन गिअरांमधले अंतर मोठे असल्याने खालच्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत होते आणि वरच्यात घातले की ते दबून वेग तुटत होता, आणि गाडी बराच वेळ या दोहोंच्या मध्ये हेलकावे खात होती. नव्या गाडीत काटा मिनिटाला २,६०० ते २,८०० फेऱ्यांच्या दरम्यान बसतो आणि तिथेच राहतो. नेमकी २,८०० लाच या इंजिनाची कमाल अश्वशक्ती मिळते. गाडी आणि ट्रेलर मिळून २३,२०० पौंडांचा गाडा ताशी ५० मैलांच्या आसपास वर जात राहतो. चढाच्या मध्यावर रेडिएटरचा पंखा जोडला जातो तेव्हा विमान सुटल्यासारखी घरघर होते, दोनेक मिनिटांनी ती थांबते, आणि तेवढ्यात तापमानाचा काटा पुन्हा जागेवर आलेला असतो.

परंतु घाटात गाडी चढण्यापेक्षा उतरण्यावर माझे जास्त लक्ष असते. बोगदा ओलांडून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे दोन चढते मार्ग काढून ठेवले आहेत आणि त्यांच्या शेजारून जाताना कोणाचाही पाय आपोआप ब्रेककडे जातो. या इंजिनाच्या टर्बोतील धुराची वाट गरजेप्रमाणे लहान-मोठी होते. एक्झॉस्ट ब्रेकचे बटण दाबले की ती अरुंद होते आणि पिस्टनना तो दाब रेटत बसावे लागते. ही युक्ती नवी नाही, रामच्या ६.७ लिटरच्या इंजिनात ती २००७ पासून आहे. बदल इतकाच की आठ गिअरांमुळे खाली उतरतानाही योग्य टप्पा सापडतो. मी वेग ४५ वर ठरवून दिला तर तो ४४ ते ४७ मध्ये राहतो आणि सबंध उतारावर ब्रेकच्या पेडलला दोन-तीनदा पाय लावावा लागतो. खाली पोहोचल्यावर उतरून चाकांजवळ हात नेला, तर जुन्या गाडीच्या वेळी येणारा करपट वास येत नाही. केवळ या एका गोष्टीसाठी मी गिअरबॉक्सचे पैसे वसूल झाले असे समजतो.

इंजिनातला मला आवडलेला बदल छोटा आहे. थंडीत डिझेल पेट घ्यावे म्हणून कमिन्सच्या पिकअप इंजिनात वर्षानुवर्षे आत येणारी हवा तापवणारी एक जाळी असे. तिच्या बोल्टविषयी मालकांमध्ये कायम कुरकुर चाले, कारण तो झिजून सुटला तर हवेच्या मार्गाने थेट सिलिंडरमध्ये जाण्याची भीती होती, आणि कित्येक जण गाडी नवी असतानाच ती जाळी काढून दुसरे उपकरण बसवून घेत. २०२५ पासून ती जाळी गेली आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र ग्लो प्लग, म्हणजे सिलिंडर आतून तापवणारी छोटी उपकरणे, आले. जानेवारीत एका पहाटे अंगणात उणे २१ अंश सेल्सियस होते. किल्ली नसलेल्या या गाडीत बटण दाबले, समोरच्या पडद्यावर तापवणीचे नारिंगी वेटोळे दोन-तीन सेकंद दिसले आणि गाडी सुरू झाली. पूर्वी त्याच थंडीत वेटोळे विझेपर्यंत हातमोजे घालून होत असत.

कमिन्सशी माझे नाते जरा घरचे आहे. १९६२ मध्ये पुण्याच्या कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना उभा राहिला आणि वडिलांनी निवृत्तीपर्यंत तिथेच नोकरी केली. तिथली इंजिने जनित्रांची आणि अवजड यंत्रांची. पिकअपचे इंजिन मात्र इंडियाना राज्यातल्या कोलंबसजवळ बनते, ज्या गावात १९१९ मध्ये ही कंपनी सुरू झाली, आणि गाडीची जुळणी मेक्सिकोतल्या साल्तियो शहरात होते. १९८९ च्या मॉडेलला डॉजच्या (राम तेव्हा याच नावाखाली विकली जाई) पिकअपमध्ये हे सहा सिलिंडरांचे इंजिन पहिल्यांदा आले तेव्हा त्याची अश्वशक्ती १६० आणि टॉर्क ४०० पौंड-फूट होता. सहाही सिलिंडर एका ओळीत असल्याने वर एकच हेड, आणि बॉनेट उघडले की दोन्ही बाजूंनी हात घालायला जागा. व्ही-८ वाल्यांची ताकद जास्त आहे हे मान्य करूनही, दुरुस्तीला बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मला ही मांडणी अधिक शहाणपणाची वाटते. माझ्या निवडीत वडिलांच्या नोकरीचा वाटा किती, हे वाचकांनी आपल्या अंदाजाने वजा करावे.

घरच्या नात्यामुळे झाकायचे असे काही नाही, म्हणून पुढचेही सांगतो. २२ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकी सरकारने जाहीर केले की राम पिकअपच्या इंजिनांतील प्रदूषण-नियंत्रणाला बगल देणाऱ्या यंत्रणांच्या प्रकरणात कमिन्स १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरणार आहे. स्वच्छ हवा कायद्याखाली इतका मोठा दिवाणी दंड त्याआधी कोणालाही झालेला नव्हता. आरोप २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६,३०,००० गाड्यांविषयी होता, शिवाय २०१९ ते २०२३ च्या सुमारे ३,३०,००० गाड्यांतील न कळवलेल्या उपकरणांविषयी होता; कंपनीने गैरकृत्य मान्य केले नाही, पण पैसे भरले. जुनी राम विकत घेणाऱ्याने त्या गाडीच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती आणि त्यापुढचे काम झाले आहे का, हे शोरूममध्ये विचारूनच सौदा करावा.

धुराच्या व्यवस्थेचा रोजचा भार मालकाच्याच डोक्यावर असतो. डिझेलबरोबर ३२.५ टक्के युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते उणे ११ अंशांना गोठते, म्हणून टाकीला हीटर असतो. काजळी अडवणारी गाळणी भरत आली की इंजिन जास्तीचे डिझेल वापरून ती जाळते, आणि गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्याला ही जाळणी पुरी होण्याइतका वेळच मिळत नाही. युरिया संपला तर गाडी आधी सूचना देते, नंतर वेग बांधून ठेवते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने या जाचाविषयी नवे मार्गदर्शन काढले: २०२७ च्या मॉडेलपासून नव्या डिझेल गाड्यांची रचना अशी हवी की युरिया संपल्याबरोबर त्यांची ताकद एकदम तुटणार नाही, आणि जुन्या गाड्यांचे सॉफ्टवेअरही कंपन्यांनी त्या दिशेने बदलावे. शेतकरी आणि ट्रकवाल्यांची ती जुनी तक्रार होती. मी मात्र युरियाचा अडीच गॅलनचा एक डबा नेहमी मागच्या सीटखाली ठेवतो.

आता ओझ्याविषयी, कारण घेणारे बहुतेक जण इथेच फसतात. जाहिरातीतला कमाल आकडा हा एका ठरावीक जुळणीच्या गाडीचा असतो आणि तो काढायची रीत ठरलेली आहे: ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅम जवळचा ११.४ मैलांचा चढ, बाहेर निदान १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण सुरू, आणि साध्या चाकांच्या गाडीने ताशी ४० व डबल टायरवालीने ३५ मैलांच्या खाली जायचे नाही. ही चाचणी कठोर आहे आणि मला तिच्याविषयी आदर आहे. परंतु ती सांगते ते ओढण्याविषयी. गाडीच्या स्वतःच्या पाठीवर किती चालेल, आपल्याकडे ज्याला पासिंग म्हणतात, तो आकडा निराळा.

डिझेल २५०० च्या एकूण वजनाची मर्यादा १०,००० पौंड असते. चार दारांची, चारही चाकांना जोर असलेली गाडी स्वतःच साडेसात-पावणेआठ हजारांच्या घरात जाते, कारण डिझेल इंजिन जड असते. उरतात सव्वादोन ते अडीच हजार पौंड, आणि त्यात चालक, कुटुंब, हौद्यातली हत्यारांची पेटी आणि गूसनेकचा गोळाही आला. पंधरा हजार पौंडांच्या गूसनेकचा पाचवा हिस्सा पाठीवर आला तरी तीन हजार होतात. म्हणजे कागदावर २०,००० पौंड ओढू शकणारी २५०० पंधरा हजारांच्या ट्रेलरखाली नियमाबाहेर जाते, आणि तेही इंजिनाला त्याचा पत्ता न लागता. चालकाचे दार उघडले की खांबावर पिवळ्या कडेचे लेबल दिसते, त्यावर माणसे आणि माल मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये ते त्या एका विशिष्ट गाडीसाठी छापलेले असते. विक्रेत्याशी बोलण्याआधी ते वाचावे. मी घेतलेल्या ३५०० ची मर्यादा १४,००० पौंड आहे. टाकी भरून, मी बसून वजनकाट्यावर गाडी ८,७०० भरली, आणि म्हणून ट्रेलरचे २,९०० पाठीवर घेऊनही दोन हजारांहून अधिक शिल्लक राहतात.

या शिल्लकीची किंमत कायद्यात मोजावी लागते. व्यवसायासाठी गाडी आणि ट्रेलर यांच्या मर्यादा मिळून २६,००१ पौंड किंवा अधिक झाल्या आणि एकट्या ट्रेलरची मर्यादा १०,००० च्या वर असली, की व्यावसायिक परवाना लागतो, गाडी दिसायला पिकअप असली तरी. माझ्या बाबतीत दोन्ही अटी लागू होतात, म्हणून मला लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागल्या. हे मला गाडी विकणाऱ्या माणसाने सांगितले नाही. चौकशी केली तेव्हा ‘पिकअपला कसला परवाना’ असे हसून उत्तर मिळाले. त्याच शोरूमने हौद्यात गोळा बसवण्याची कंपनीची तयारी गाडीत आहे असे सांगून प्रत्यक्षात ती नसलेली गाडी दिली आणि ती बसवून देण्यात तीन आठवडे घालवले. शोरूमचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण या वर्गातल्या गाड्या विकणारे पुष्कळ जण फक्त आरामाविषयी बोलतात.

आरामाविषयी मला थोडेच सांगायचे आहे. आतला १४.५ इंची पडदा वरच्या आवृत्त्यांत येतो. हातमोजे घालून वापरता येतील अशी एसीची बटणे त्याच्या बाजूला ठेवली आहेत, हे बरे केले. २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग असल्याने ती रिकामी असताना अधिक मऊ चालते. ३५०० चे पाटे ट्रेलर नसला की खड्ड्याखड्ड्याची नोंद पाठीला देतात. डबल टायरमुळे मागचा भाग इतका रुंद होतो की किराणा दुकानाच्या वाहनतळात मी शेवटच्या रांगेत दोन जागा अडवून उभा राहतो. वरच्या श्रेणीतली डिझेल, डबल टायर आणि चारही चाकांना जोर अशी जुळणी केली तर किंमत नव्वद हजार डॉलरच्या पुढे जाते, आणि त्यात चामड्याच्या सीटचा वाटा मातीकाम करणाऱ्याला काहीही उपयोगाचा नाही. मी कामगारांसाठीची ट्रेड्समन ही सर्वांत साधी आवृत्ती घेतली: रबराची जमीन, पाण्याने धुता येणारी.

नवी २०२५ की स्वस्तात मिळणारी आधीची, असे मला दोघा-तिघांनी विचारले. सपाट मुलखात, दहा हजार पौंडांच्या आत ओढणाऱ्याने बदलण्याची गरज मला दिसत नाही. आधीच्या साध्या आवृत्तीचे ८५० पौंड-फूट त्या कामाला पुरून उरतात. घाटात रोज जड ट्रेलर नेणाऱ्याने मात्र आधीच्या पिढीतली गाडी घेऊन वाचणारे पैसे आणि आठ गिअरांनी सोपा होणारा उतार, दोन्ही एकदा प्रत्यक्ष चालवून तोलावे, आणि चाचणीसाठी स्वतःचा भरलेला ट्रेलर जोडू द्या असा आग्रह धरावा. रिकाम्या पिकअपला शोरूमभोवती फेरी मारून यातले काहीच कळत नाही.